समुद्राकडे पाठ केलेला दिवाणखाना

भारतातून पाहुणे आले की दुबईतल्या मराठी घरांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी गोल्ड सूक आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुमेराच्या किनाऱ्यावर जाऊन ‘ते शिडाचे हॉटेल’ पाहणे. वाळूत उभे राहून फोटो काढायचा, “केवढं उंच आहे हो!” असे म्हणायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. बुर्ज अल अरबचा बाहेरचा आकार आपल्या इथल्या मुलांना शनिवारवाड्यापेक्षाही जास्त ओळखीचा आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या लेखाचा विषय मात्र ते शीड नाही. शिडाच्या आतली, कोणत्याही एका पाहुण्याच्या नावावर नसलेली जागा हा आपला विषय. म्हणजे लॉबी, मधला चौक, जिने आणि बसायची दालने. हॉटेलची खोली रोज भाड्याने जाते. लॉबीचे भाडे कोणी देत नाही. तरीसुद्धा हॉटेलमालक सर्वांत जास्त हौस आणि पुष्कळदा सर्वांत जास्त पैसा याच जागेवर खर्च करतो. असे का?

समुद्रकाठच्या हॉटेलात हा प्रश्न अधिकच गमतीचा होतो. तिथे विकायचा मुख्य माल म्हणजे खिडकीतला समुद्र, आणि तो खोल्यांना द्यावा लागतो. मग सगळ्यांच्या सामाईक दालनाच्या वाट्याला काय उरते? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाने १९०३ साली आणि दुबईच्या बुर्ज अल अरबने १९९९ साली या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे. आणि जिथे ते वेगळे आहे, तिथे तुमच्या-माझ्यासारख्या परदेशी राहणाऱ्या माणसाने थोडे थांबून विचार करावा असे काही आहे.

मजलिस आणि जलसा

हॉटेलांच्या आधी घरे होती, तेव्हा सुरुवात घरापासून करू. आपल्या वाड्यांत बाहेरचा माणूस कुठवर येणार हे ठरलेले असे. दिंडी दरवाजातून आत आल्यावर ओसरी किंवा सोपा. मानाचा पाहुणा असेल तर दिवाणखाना. माजघरात जाण्याचा अधिकार घरच्यांचा आणि अगदी जवळच्यांचा. ओसरीवर मात्र कुळापासून कीर्तनकारापर्यंत कोणीही टेकू शकत असे. अर्थात या ‘कोणीही’ला जातीचे कुंपण होतेच. काहींची पायरी अंगणाबाहेरच संपत असे, हे विसरून वाड्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

दुबईतल्या जुन्या घरांची मांडणी पाहिली तर हाच आराखडा डोळ्यांसमोर येतो. शिंदघा भागात १८९६ साली बांधलेले शेख सईद अल मक्तूम यांचे घर आज संग्रहालय आहे. ते आणि खाडीकाठच्या बस्तकिया भागातली घरे सवड काढून जरूर पाहावीत. बाहेरून जवळजवळ बंद भिंती, वर हवा पकडणारा बरजील म्हणजे वाऱ्याचा मनोरा, आत मोकळा चौक आणि दाराजवळ पुरुष पाहुण्यांची मजलिस. रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट चौकात जाऊ नये म्हणून दारातून आत शिरणारी वाट वळवून नेलेली असते. मजलिशीत गालिचे, भिंतीला लागून लोड-तक्के, आल्यागेल्याला खजूर आणि वेलची घातलेला गहवा. वर उदाचा धूर. आपल्याकडे अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरते, तसेच.

‘मजलिस’ हा शब्द अरबीतल्या ‘बसणे’ या धातूवरून आला आहे. त्याच धातूवरून आलेला आपला शब्द म्हणजे जलसा! सत्यशोधकांचा आणि आंबेडकरी चळवळीचा जलसा गावोगाव गाजला, तो मुळात या मजलिशीचाच भाऊबंद. मैफल अरबीतूनच आली, दिवाणखाना फारसीतून. आणि अस्सल आपला शब्द घ्यायचा तर ‘बैठक’. तिचाही अर्थ बसणे हाच. म्हणजे भाषा कोणतीही घ्या, सामाईक दालनाची व्याख्या तिने एकाच क्रियापदावर केली आहे. जिथे माणसे एकत्र बसतात ती ही जागा. २०१५ साली युनेस्कोने संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या चार देशांच्या मजलिस परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, ती सुंदर गालिच्यांसाठी नव्हे, तर या एकत्र बसण्यासाठी.

व्याख्या एवढी साधी असल्यामुळे पुढची कसोटीही साधी आहे. हॉटेलची लॉबी कितीही भव्य असो, तिथे कोण बसू शकतो?

अपोलो बंदरावरचा जिना

जमशेटजी टाटांनी १८९८ साली अपोलो बंदराजवळ भर घातलेल्या जमिनीचा एक तुकडा घेतला आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल सुरू झाले. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच. तो १९२४ साली पूर्ण झाला. म्हणजे बोटीने येणाऱ्या माणसाला मुंबईचे पहिले दर्शन वीस वर्षे ताजच्या घुमटाचेच होत होते.

या इमारतीचे मूळ वास्तुकार दोघेही हिंदी होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एक रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि दुसरे डी. एन. मिर्झा. वैद्यांनी त्याआधी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर साहाय्यक अभियंता म्हणून काम केले होते. ताज पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. ताजच्या आतला प्रसिद्ध जिना, ज्याला मध्ये कोणताही खांब नाही आणि जो भिंतीच्या आधाराने जणू हवेत तरंगतो, तो बांधकामाचे कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांचा. त्यांनी तो आखलाही आणि बांधलाही.

ताज उलटा बांधला गेला आणि ते पाहून वास्तुकाराने जीव दिला, अशी एक लोककथा मुंबईत टॅक्सीवालेसुद्धा सांगतात. ती कथाच आहे. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार मुद्दाम शहराच्या बाजूला ठेवले होते, कारण घोडागाड्या शहरातून येणार होत्या. बंदराची बाजू खोल्यांना दिली, म्हणजे पाहुण्यांना समुद्र दिसेल आणि वाराही मिळेल. पुढे वाहतुकीच्या आणि सोयीच्या गणितात प्रवेश बदलला, जुन्या दाराच्या बाजूला पोहण्याचा तलाव आला, आणि मूळ हेतू विसरला गेल्यामुळे लोकांना इमारत उलटी वाटू लागली.

म्हणजे ताजच्या सामाईक दालनाने समुद्राकडे पाठ केली होती. समुद्र खोल्यांना गेल्यावर मधल्या भागाला स्वतःचे असे काहीतरी वैभव हवे होते. ते जिन्याने दिले. मधोमध घुमटापर्यंत उघडी पोकळी, तिच्या कडेने चढत जाणारा जिना आणि प्रत्येक मजल्यावर रुंद सज्जे. वातानुकूलनाच्या आधीच्या काळात अशा उंच पोकळीला आणखी एक काम असे. गरम हवा वर चढते आणि खाली माणसांच्या डोक्यावर हवा खेळती राहते. जे सुंदर होते ते उपयोगीही होते. त्यात विजेचे दिवे, पंखे आणि लिफ्ट. शहरात वीज अजून नवलाईची होती तेव्हा ताज विजेने उजळला होता.

आता कसोटीचा प्रश्न. जमशेटजींना एका युरोपियन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी रागाने ताज बांधला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे, आणि तिच्याविना काही अडतही नाही. महत्त्वाचे एवढेच, की हिंदी माणूस या दालनात हक्काने बसू शकत होता. सरोजिनी नायडूंचा मुक्काम ताजमध्ये असे आणि राष्ट्रीय चळवळीतली कितीतरी माणसे तिथे त्यांना भेटायला येत. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचे रुग्णालय थाटले गेले. दालन एकदा ‘सर्वांचे’ झाले की ते काळाप्रमाणे वेगवेगळ्या कामांना येते.

पुढे पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजने एक छान गोष्ट केली. जो समुद्र खोल्यांना विकला होता, तो चहाच्या एका पेल्याच्या किमतीत सामाईक दालनाला परत मिळाला. पेला स्वस्त नव्हता, हे खरे! पण खिडकीजवळच्या त्या खुर्च्यांवर मुंबईतल्या कितीतरी घरांची मुले-मुली एकमेकांना पाहायला आणली गेली. ती लाउंजची ख्यातीच झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर कांदेपोहे घरच्या बैठकीतून उठून बंदरावर आले.

शिकागो बीच ते जुमेरा

आता अरबी समुद्र ओलांडून दुबईला येऊ. १९६६ साली दुबईच्या समुद्रात फतेह येथे तेल सापडले. किनाऱ्यापासून लांब निघणारे तेल साठवायचे कुठे, या प्रश्नावर शिकागो ब्रिज अँड आयर्न या अमेरिकन कंपनीने उत्तर काढले. पाण्यात बुडवून ठेवायच्या प्रचंड पोलादी टाक्या. त्यांतली प्रत्येक ५ लाख पिंपे तेल साठवू शकत होती, आणि त्या जुमेराच्या वाळूवर बांधून समुद्रात ओढत नेल्या गेल्या. या टाकीला अरबीत नाव होते ‘खज्जान’. ज्या धातूवरून हा शब्द झाला, त्याच धातूवरून आपला ‘खजिना’ आला. तेव्हा आपल्या मंडळाच्या खजिनदारांचे या टाकीशी दूरचे नाते लागते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे!

कंपनीच्या नावावरून तो किनारा शिकागो बीच म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि तिथे पुढे उभे राहिलेले हॉटेलही शिकागो बीच हॉटेल झाले. नव्वदीच्या दशकात ते पाडले गेले. १९९७ साली त्या किनाऱ्यावर लाटेच्या आकाराचे जुमेरा बीच हॉटेल उघडले, आणि त्याच्यासमोर किनाऱ्यापासून २८० मीटरवर एका कृत्रिम बेटावर १ डिसेंबर १९९९ रोजी बुर्ज अल अरब सुरू झाले. लाट आणि शीड अशी ती जोडी.

बुर्जचा आकार ॲटकिन्स कंपनीचे ब्रिटिश वास्तुकार टॉम राइट यांचा. पॅरिसला आयफेल टॉवर आणि सिडनीला ऑपेरा हाउस, तशी दुबईला एका रेघेत काढता येईल अशी खूण हवी होती. बेटाखालच्या वाळूत २३० काँक्रीटचे खांब खोल उतरवून ३२१ मीटर उंचीची इमारत उभी केली. आतल्या सजावटीची जबाबदारी होती लंडनच्या केसीए इंटरनॅशनल या संस्थेच्या प्रमुख खुआन च्यू यांच्याकडे. दुबई विमानतळ आणि मदिनत जुमेरा यांच्या सजावटीतही पुढे त्यांचे नाव येते. म्हणजे विमानातून उतरल्यापासून आपण त्यांच्याच दालनांतून हिंडत असतो.

शिडामागचा चौक

बुर्जच्या खोल्या दोन पंखांत विभागल्या आहेत. वरून पाहिले तर ते दोन पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसतात. अक्षराचे टोक समुद्राकडे आणि उघडे तोंड किनाऱ्याकडे. खोल्यांच्या खिडक्या बाहेर समुद्रावर उघडतात, आणि त्यांच्याकडे नेणारे मार्ग आतल्या पोकळीच्या कडेने जातात. ही पोकळी किनाऱ्याच्या बाजूने झाकणारा पडदा म्हणजे आपल्याला वाळूतून दिसणारे ते पांढरे शीड. ते काचतंतूंच्या कापडाचे, दुहेरी आणि टेफ्लॉनचा लेप दिलेले आहे.

आता लक्षात येईल. इथेही समुद्र खोल्यांना गेला, आणि सामाईक चौकाने तोंड केले शहराकडे. अगदी १९०३ सालच्या ताजसारखेच. फरक इतकाच, की या चौकाला शहरही दिसत नाही. दिसतो तो कापडातून गाळून आलेला मऊ, पांढरा उजेड. वाळवंटातले ऊन काचेतून सरळ आत आले असते तर आतल्या माणसांचे भाजणीचे थालीपीठ झाले असते. कापडाने ऊन अडवले आणि उजेड तेवढा घेतला. रात्री हेच कापड उलटे काम करते. त्यावर बाहेरून रंगीत प्रकाश टाकतात आणि सारी इमारत कंदिलासारखी उजळते.

चौकाची उंची सुमारे १८० मीटर. राजाबाई टॉवरच्या डोक्यावर दुसरा राजाबाई टॉवर ठेवला तरी वर थोडी जागा उरेल. एवढी मोठी पोकळी थंड करणे हेही एक शास्त्रच. दमट हवेने भरलेल्या पोकळीत एकदम वातानुकूलन सुरू केले असते, तर हवेतल्या वाफेचे पाणी होऊन चौकात चक्क पाऊस पडला असता. म्हणून तापमान अगदी हळूहळू उतरवत नेले.

इथे ताज आणि बुर्ज यांच्यातला यंत्रणेचा फरक स्पष्ट होतो. ताजची पोकळी हवेला वाट देण्यासाठी उघडी होती, बुर्जची पोकळी हवा धरून ठेवण्यासाठी बंद आहे. बरजील बांधणाऱ्या जुन्या दुबईकराला पहिली पद्धत लगेच समजली असती.

आता सजावट. सुरुवातीचा आराखडा बराच साधा, पांढऱ्याकडे झुकणारा होता. यजमानांना मात्र रंग हवा होता. च्यू यांनी मग पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांवर रंगसंगती बांधली. चौकातून मान वर केली की सज्जांचे तळ निळ्यापासून हिरव्या आणि पिवळ्यापर्यंत रंग बदलत जातात. खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे कारंजे, त्याच्या दोन्ही बाजूंना सरकते जिने आणि जिन्यांच्या कडेला मत्स्यालये. कारंजी लॉस एंजेलिसच्या वेट डिझाइन या कंपनीची. आपण पंचमहाभूते मानतो, त्यांनी चारच घेतली. पण १८० मीटरची रिकामी पोकळी मधोमध ठेवल्यावर पाचवे आकाशतत्त्व आपोआप आलेच की!

सरकत्या जिन्याने वर गेले की पहिल्या मजल्यावर बसायचे दालन लागते. त्याचे नाव ‘सहन एद्दार’. अरबीत सहन म्हणजे अंगण आणि दार म्हणजे घर. घराचे अंगण! जगातल्या सर्वांत महागड्या हॉटेलांपैकी एकाने आपल्या चहाच्या दालनाला साध्या घराच्या चौकाचे नाव द्यावे, ही गोष्ट मला त्या सोन्यापेक्षा मोलाची वाटते.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर थोडे गणित करू. बुर्जच्या सजावटीत सुमारे १,७९० चौरस मीटर २४ कॅरेट सोन्याचा वर्ख लावला असे सांगतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण वर्ख असतो साधारण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका जाड. क्षेत्रफळ, जाडी आणि सोन्याची घनता यांचा गुणाकार केला तर वजन येते साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशोबाने तीनशे तोळे. गोल्ड सूकमधल्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या काचेमागे याहून जास्त सोने टांगलेले असेल! लॉबीच्या सजावटीचे सारे शास्त्र या एका आकड्यात आले. थोडे द्रव्य फार मोठ्या पृष्ठभागावर पसरायचे, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी उरलेले भरून काढायचे. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख दुसरे काय करतो?

फाटक कुठे आहे?

एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हॉटेल उघडले तेव्हा बुर्जमध्ये २०२ दुमजली स्वीट होते आणि प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र स्वागतकक्ष होता. पाहुण्याने खाली रांगेत उभे राहून नाव नोंदवायचे कारणच नव्हते. म्हणजे लॉबीचे जे मूळ काम, येणाऱ्याला उतरवून घेण्याचे, तेच तिथून काढून टाकलेले होते. उरले काय? पाहणे आणि दिसणे.

पण पाहायला कोण येणार? बेटावर जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी फाटक होते, आणि खोलीचे नाहीतर खाण्यापिण्याचे आरक्षण असल्याशिवाय सहसा पुढे जाता येत नसे. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी हा चौक वर्षानुवर्षे फक्त छायाचित्रांत पाहिला. ऑक्टोबर २०२१ पासून तिकीट काढून आतून पाहण्याची मार्गदर्शित फेरी सुरू झाली. आमच्या संगणकाच्या धंद्यात याला ‘रीड ओन्ली’ परवानगी म्हणतात. पाहा, पण बसू नका. मजलिशीची व्याख्या बसण्यावर आधारलेली आहे हे आठवले, म्हणजे या फरकाचे महत्त्व समजते.

यात दुबईला नावे ठेवण्याचा हेतू नाही. उघड्या दालनाचीही किंमत असते आणि ती मुंबईने मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी ताजमध्ये शिरले ते याच उघडेपणाचा फायदा घेऊन. तिथे किमान ३१ माणसांचा बळी गेला. त्या दिवसांत पडद्यावर आगीच्या ज्वाळा पाहताना इथल्या प्रत्येक मराठी घरात चूल थंड होती. मनोऱ्याचा भाग त्याच डिसेंबरात पुन्हा उघडला आणि जुना राजवाडा १५ ऑगस्ट २०१० रोजी. सी लाउंजच्या खुर्च्याही परत मांडल्या गेल्या. दारात तपासणी आली, पण दार बंद झाले नाही. शहराने आपला दिवाणखाना परत मागून घेतला.

आणि अमिरातीतही सगळीच हॉटेले पुलापलीकडची नाहीत. बुर्जच्या शेजारी २००३-०४ मध्ये उभ्या राहिलेल्या मदिनत जुमेरात हॉटेलांच्या जोडीला सूक बांधले, पाण्याचे कालवे काढले आणि वर बरजीलांच्या प्रतिकृती चढवल्या. हे मनोरे वारा धरण्यासाठी नसून नजर धरण्यासाठी आहेत, हे मान्य! पण त्या सूकमधून कोणालाही हिंडता येते, आणि कालव्याच्या कडेला उभे राहून फोटो काढायला आरक्षण लागत नाही. अबू धाबीला २००५ साली उघडलेल्या एमिरेट्स पॅलेसला ११४ घुमट आणि १,००२ झुंबरे आहेत. मधल्या मोठ्या घुमटाखाली नुसती कॉफी प्यायला येणारी कुटुंबे कितीतरी वर्षे तिथे दिसत आली आहेत. म्हणजे भव्यता आणि मोकळीक यांचे वैर नाही. फाटक कुठे लावायचे, हा बांधणाऱ्याने घेतलेला निर्णय असतो.

आपली बैठक

हा सगळा इतिहास आपल्या अंकात कशासाठी? कारण आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसे. आपल्या मालकीची ओसरी इथे नाही, अंगण नाही, चौक नाही. गणपती बसतो तो हॉलच्या कोपऱ्यात, टीव्ही सरकवून. हळदीकुंकवाला वीस बायका आल्या की पुरुषांनी आणि मुलांनी खाली फेरी मारायला जायचे! त्यामुळे आपल्या समाजाचा दिवाणखाना कायम दुसऱ्याच्या इमारतीत असतो. नाटक असेल तर इंडियन हायस्कूलचे शेख रशीद सभागृह, स्नेहसंमेलन असेल तर एखाद्या हॉटेलचा बँक्वेट हॉल. इथे वाढलेल्या मुलांना ‘सगळे जमलो होतो’ ही आठवण येते तीच मुळी गालिचा, झुंबर आणि वातानुकूलनाच्या वासासकट.

म्हणून ही दालने कशी बांधतात, कोणासाठी बांधतात, हे आपल्याला कळायला हवे. त्यांच्या भिंतींना संगमरवर लावणारे, छताला वर्ख चिकटवणारे हात बऱ्याच वेळा आपल्याच उपखंडातून आलेले असतात. काम संपल्यावर त्यांतला कितीसा माणूस त्या खुर्चीवर टेकतो? आपल्या कार्यक्रमाच्या रात्री मुलांना सोडायला आलेला चालक बाहेर गाडीत बसून राहतो, तेव्हा फाटक हॉटेलचे नसते, आपले असते. त्याला आत बोलावून एक पान वाढायला कोणत्याही हॉटेलची आडकाठी असण्याचे कारण नाही.

आणि मुलांसाठी एक खेळ सुचवतो. पुढच्या वेळी एखाद्या समुद्रकाठच्या हॉटेलात जाल तेव्हा त्यांना तीन गोष्टी शोधायला सांगा. पहिली, मोठे दार कोणत्या दिशेला उघडते, शहराकडे की समुद्राकडे? दुसरी, समुद्र कोणाला दिला आहे, खोल्यांना की सर्वांना? आणि तिसरी, पैसे न देता आजीला पाच मिनिटे टेकता येईल अशी एकतरी खुर्ची आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वास्तुकाराची हुशारी सांगतात. तिसऱ्याचे उत्तर यजमानाचे मन सांगते. ते उत्तर ‘हो’ आले, तर वर सोने किती लावले आहे याचा हिशोब करण्याची गरज नाही.